पौर्णिमेनंतरची द्वितीया: पेडण्यातल्या एका किनाऱ्याचं प्रकरण

२६ सप्टेंबर २०२२, घटस्थापनेची सकाळ. आदल्या दिवशी सर्वपित्री अमावास्या झाली होती, म्हणजे समुद्राला उधाण होतं. नऊ दिवसांपूर्वी भरून ठेवलेली कचऱ्याची पोती पाहायला मी किनाऱ्यावर गेले, तर चाळीसेक पोत्यांतली पाचसहाच जागेवर होती. बाकीची लाटांनी ओढून नेली होती. काही पोती पाण्यातच फुटली होती आणि त्यांतला कचरा भरतीच्या रेघेवर पुन्हा पसरला होता. एका रिकाम्या पोत्याच्या तोंडाला चौथीच्या मुलांनी मारलेली सुतळीची गाठ तशीच होती.

त्या सकाळी मला रडू आलं. पण पुढच्या दोन वर्षांत आम्ही जे शिकलो त्याची सुरुवात तिथेच झाली. म्हणून काय चुकलं तेही लपवून न ठेवता सगळं लिहिते आहे.

आमचं गाव पेडणे तालुक्यात, तेरेखोल आणि शापोरा या दोन नद्यांच्या मधे. गोव्याच्या सुमारे १०५ किलोमीटरच्या किनारपट्टीतला हा अगदी उत्तरेकडचा भाग. दक्षिणेला मोरजी आणि मांद्रे, जिथे नोव्हेंबरपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. गावात मासेमारी आहे, माडाच्या बागायती आहेत, अलीकडे भाड्याच्या खोल्या आणि शॅकही आले. आणि गावाच्या मधून एक व्हाळ, म्हणजे ओढा, वाहतो. तो देवळाजवळच्या पुलाखालून, बाजाराच्या मागून आणि शाळेच्या कुंपणाला लागून जातो आणि शेवटी वाळूत शिरून समुद्राला मिळतो. मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. तो व्हाळ मी रोज ओलांडते, आणि तरी या प्रकरणात त्याच्याकडे माझं लक्ष सगळ्यात शेवटी गेलं.

पहिली मोहीम

१ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या १९ वस्तूंवर बंदी आली होती. त्या वर्षी किनारा सफाईचं ७५ दिवसांचं राष्ट्रीय अभियानही झालं. त्याचा शेवट १७ सप्टेंबरला होता, सप्टेंबरचा तिसरा शनिवार, म्हणजे जगभर पाळला जाणारा किनारा सफाई दिन. आम्ही त्याच दिवशी सफाई ठरवली. मुलं, पालक, बायकांचा बचत गट, दोन शॅकवाले, काही पर्यटक, सगळे उत्साहाने आले. टोप्या आल्या, हातमोजे आले, फोटो निघाले. अकरा वाजेपर्यंत पोती रचून झाली. ज्यांनी ट्रक पाठवायचं कबूल केलं होतं, त्यांचा ट्रक संध्याकाळी आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्याभरातही नाही. फोन केला की "उद्या" हे उत्तर ठरलेलं. पोती वाळूवरच राहिली आणि अमावास्येच्या उधाणाने नेली.

दोष नुसता ट्रकचा नव्हता. पोती भरतीच्या रेघेच्या वर, माडांच्या मुळाशी ठेवायची इतकं साधं आम्हाला सुचलं नाही, कारण उधाण कुठवर येतं हे सफाई करणाऱ्यांतल्या कुणी पाहून ठेवलं नव्हतं. ज्यांनी जन्मभर पाहिलं होतं, त्यांना आम्ही विचारलंच नव्हतं.

त्या शनिवारी एक म्हातारे रापणकार, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या रापण जाळ्याने मासे धरणारे, होडीला टेकून आमच्याकडे बघत बसले होते. मी नमस्कार केला तेव्हा म्हणाले, "बाई, आज सप्तमी, उद्या अष्टमी. भांगाच्या दिवशी कचरा कसला शोधता?" गर्दीत मी हसून पुढे गेले. घटस्थापनेनंतर मात्र त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले आणि म्हटलं, "आबा, आता नीट समजावून सांगा."

तिथीचं गणित

आबांनी जे सांगितलं ते कोकणात कुणालाही नवं नाही, पण सफाईला ते कसं लावायचं हे आम्हाला नवं होतं. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा भरती अर्ध्यावरूनच परतते.

उधाणाचा जोर पौर्णिमेनंतर एकदोन दिवस टिकतो. तेव्हा समुद्र आपल्याकडचं सगळं सर्वांत वरच्या रेघेवर आणून ठेवतो. त्यानंतर रोज पाणी थोडं थोडं खाली राहतं, म्हणून ती वरची रेघ पुढच्या उधाणापर्यंत कोरडी पडून असते. दरम्यान वारा तिच्यावर वाळू चढवतो. भांगाच्या दिवशी आम्ही किनाऱ्यावर गेलो तेव्हा अर्धा कचरा वाळूखाली होता आणि उरलेला दहा ठिकाणी विखुरलेला. द्वितीयेला गेलो असतो तर तोच एका ओळीत मांडलेला मिळाला असता. शिवाय द्वितीयेची भरती दीड वाजता, म्हणजे ओहोटी सकाळी सव्वासातच्या आसपास. उजेड आहे, ऊन नाही आणि पाणी लांब गेलेलं.

अडचण एकच, तिथी काही रविवार बघून येत नाही. कोजागिरीनंतरची द्वितीया ११ ऑक्टोबरला आली, मंगळवारी. शाळेचा दिवस. आम्ही पावणेसात ते पावणेआठ असा एकच तास ठरवला. पहिल्या मोहिमेच्या मानाने माणसं मोजकीच आली, आणि ते बरंच झालं. त्या दिवशी आबाही आले. पोती वर माडांच्या मुळाशी ठेवली आणि भाड्याचा टेम्पो आधीच ठरवला. तेव्हापासून ट्रकच्या भरवशावर एकही मोहीम केलेली नाही.

वजन की मोजणी

आमच्याकडे सफाईची बातमी किलोत आणि टनात येते. मीही पहिल्या दिवशी पोतीच मोजली होती. पण ओल्या वाळूने भरलेलं पोतं जड असतं, आणि एक भिजलेली गादी दुधाच्या हजार पिशव्यांपेक्षा जास्त भरते. वजनावरून कचरा आला कुठून हे कळत नाही. किनारा सफाई दिनाची परंपरा अमेरिकेत टेक्सासच्या किनाऱ्यावर १९८६ मध्ये सुरू झाली, आणि तेव्हापासूनच तिच्यात उचललेल्या वस्तूंची नोंद ठेवायची पद्धत आहे. आपण सफाई घेतली आणि नोंद सोडून दिली, असं मला वाटतं.

आम्ही शाळेच्या जुन्या हजेरीवहीत रकाने आखले. सुरुवातीला ते फार झाले आणि मुलं गोंधळली. शेवटी तीन ढीग करायचे ठरलं, आणि ते आजतागायत चालू आहे.

पहिला ढीग ज्या वस्तूंवर बार्नेकल धरलेत त्यांचा. बार्नेकल म्हणजे शिंपल्यासारखे बारीक जीव. तरंगणाऱ्या वस्तूला ते चिकटतात आणि तिच्यावरच वाढतात. चपलेच्या तळाला त्यांचे झुबके लोंबत असतील तर ती चप्पल बरेच दिवस समुद्रावर फिरून आली आहे. पावसाळ्यात आपल्या किनाऱ्यालगतचा प्रवाह दक्षिणेकडे वाहतो आणि हिवाळ्यात उत्तरेकडे. म्हणजे सप्टेंबरात आपल्याला उत्तरेकडचं मिळतं आणि जानेवारीत दक्षिणेकडचं. काही जहाजांवरचंही असतं. जहाजावरून समुद्रात प्लास्टिक टाकायला ३१ डिसेंबर १९८८ पासून आंतरराष्ट्रीय करारानुसार बंदी आहे, तरी परदेशी लिपीतली झाकणं सापडतात.

दुसरा ढीग मासेमारीचा: जाळ्यांचे तुकडे, तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, दोर, थर्माकोलचे खोके.

तिसरा ढीग स्वच्छ वस्तूंचा, ज्यांवर काहीही धरलेलं नाही आणि ज्यांचं लेबल वाचता येतं. दुधाच्या पिशव्या, शांपूच्या पुड्या, कान कोरायच्या काड्या, औषधांची पाकिटं, चॉकलेटचे कागद. यांना समुद्रात जाऊन फार दिवस झालेले नाहीत. हा ढीग आपला.

दोन महिन्यांत मुलांनीच एक गोष्ट दाखवून दिली. पहिला ढीग किनाऱ्याच्या लांबीभर सारखा मिळत होता. तिसरा मात्र व्हाळाच्या तोंडापासून दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे पावलांत दाटून होता आणि पुढे विरळ होत जात होता. आणखी एक प्रश्न एका मुलीने विचारला: "बाई, बाटल्यांची झाकणं एवढी मिळतात, मग बाटल्या कुठे?" उत्तर मला शोधावं लागलं. झाकण ज्या प्लास्टिकचं असतं ते पाण्यापेक्षा हलकं. बाटलीचं प्लास्टिक पाण्यापेक्षा जड. झाकण लावलेली बाटली आतल्या हवेने तरंगते, झाकण निघालं की पाणी शिरून बुडते. म्हणजे किनाऱ्यावर दिसतो तो कचऱ्यातला फक्त तरंगणारा भाग. नायलॉनची जाळी, बाटल्या, काच हे सगळं तळाशी आहे. समुद्राच्या किंवा व्हाळाच्या.

व्हाळ उलटा चालत गेलो तेव्हा

जानेवारीत पाणी घोट्याएवढं असतं. आम्ही सातआठ जण तोंडापासून वर चालत निघालो. सुरुवातीला बागायतीतली झावळं आणि नारळाची सोडणं, अडकलेल्या बाटल्या. बाजाराच्या मागे मासळीच्या काळ्या पिशव्यांचा थर. पुलाखाली निर्माल्य. झेंडू, दुर्वा, हार, सगळं प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून सोडलेलं. फुलं कुजली होती, पिशवी शाबूत होती. चवथीचं थर्माकोलचं मखर तुकडे होऊन वेतांच्या मुळांत अडकलं होतं.

मग शाळेचं कुंपण आलं. कुंपणाच्या खालच्या भोकाजवळ चॉकलेटचे आणि वेफरचे कागद होते, मधल्या सुट्टीत वाऱ्याने गेलेले. ज्या मुलांना मी समुद्र वाचवायला नेत होते, त्यांच्याच खाऊचे. माझी मान खाली गेली. दुसऱ्याच दिवशी ते भोक चिऱ्यांनी बुजवलं आणि कचऱ्याच्या डब्याला झाकण बसवलं. दोन तासांचं काम होतं, आणि ते मोहिमेच्या आधी व्हायला हवं होतं.

सवयींचं काम इथून खऱ्या अर्थाने सुरू झालं, कारण आता कुणाची कोणती सवय हे वस्तूच सांगत होत्या. "प्लास्टिक वापरू नका" असं मी वीस वर्षं भाषणात सांगत आले. त्याने काही झालं नाही. "दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून वेगळा करू नका" हे मात्र एका महिन्यात घराघरांत पोचलं. तो अंगठ्याएवढा तुकडा कुणी गोळा करत नाही, भंगारवाल्याच्या हातात येत नाही, मोरीतून व्हाळात जातो आणि तरंगतो. कापताना थोडा जोडलेला ठेवला की प्रश्नच नाही. सुरुवातीला एका द्वितीयेला असे कोपरे ओंजळभर मिळायचे. आता चिमूटभर मिळतात.

पोदेर सकाळी सायकलवरून पाव आणतो. अलीकडे गेटला अडकवलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत टाकून जातो. बचत गटाच्या बायकांनी जुन्या साड्यांच्या पिशव्या शिवल्या आणि त्याच गेटला त्याच खिळ्याला अडकवल्या. पोदेराला काही सांगावं लागलं नाही, घरातल्यांनाही. मासळीला डबा नेणं जड गेलं, कारण मासळी ऐनवेळी घेतली जाते, घरून ठरवून निघत नाहीत. आजही बाजारात डबे घेऊन येणाऱ्या बायका अर्ध्याहून कमी आहेत. इथे आम्हाला यश आलेलं नाही.

निर्माल्याचा विषय नाजूक होता. लोक ते व्हाळात टाकतात ते बेपर्वाईने नव्हे. देवाला वाहिलेलं फूल पायदळी येऊ नये म्हणून वाहत्या पाण्यात सोडतात, आणि हातात धरून न्यायला सोपं म्हणून पिशवीत. मी सांगून उपयोग नव्हता, तो माझा अधिकारच नव्हे. देवळातल्या पुरोहितांकडे गेलो. त्यांनी दोन-तीन वेळा आरतीनंतर सांगितलं की निर्माल्य माडाच्या आळ्यात घातलं तर तेही विसर्जनच, मातीत. देवळामागच्या माडांना त्यांनी स्वतःच्या हाताने आळी करून दिली. पुलाखालचं निर्माल्य संपलं नाही, पण गाठ मारलेल्या पिशव्या फार कमी झाल्या.

रापणकारांशी बोलताना मला माझा एक समज सोडावा लागला. जाळ्यांचे तुकडे ते निष्काळजीपणे फेकतात असं मी धरून चालले होते. जाळं महाग असतं, कुणी हौसेने टाकत नाही. ते खडकात अडकून फाटतं, नाहीतर मोठ्या बोटीच्या वाटेत येऊन तुटतं. रापणकार आणि ट्रॉलर यांच्यातला वाद गोव्यात सत्तरच्या दशकापासूनचा आहे. आबा म्हणाले, "तुटलेलं पाण्यात राहिलं तर ते मासे मारतच राहतं. आमचेच मासे." फाटकी जाळी भाजीच्या वाफ्यांना कुंपण म्हणून आणि विहिरीवर पाचोळा पडू नये म्हणून पूर्वीपासून वापरतात. आता दुरुस्तीच्या जागी एक पोतं टांगलेलं असतं, तंगुसाचे कापलेले बारीक तुकडे त्यात जातात. मासेमारीबंदीच्या दोन महिन्यांत, १ जून ते ३१ जुलै, जाळी विणायचं काम जोरात असतं, तेव्हा ते पोतं दर आठवड्याला भरतं.

जाळ्याची चूक

२०२३ च्या उन्हाळ्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की पुलाखाली रापणीचं जुनं जाळं आडवं लावावं, कचरा तिथेच अडेल. लावलं आणि कामही झालं. जूनआधी काढायचं ठरलं होतं. पण त्या वर्षी पाऊस लांबला आणि आम्ही चालढकल केली. पाऊस आला तो रात्री, एकदम. झावळं, फांद्या, प्लास्टिक जाळ्यात अडून बांध तयार झाला आणि पाणी शेजारच्या बागायतीत घुसलं. बागायतदारांनी रात्री दोनला कोयत्याने जाळं कापलं. ते चिडले ते बरोबरच होतं. अडलेला सगळा कचरा एका रात्रीत समुद्रात गेला, आणि पुढच्या द्वितीयेला आमच्याच जाळ्याचे तुकडे दुसऱ्या ढिगात आले.

मी त्यांच्याकडे माफी मागायला गेले. त्यांनी चहा दिला आणि विचारलं, "मृगाआधी तुम्ही घर शाकारता, लाकडं भरता. मग व्हाळ मृगाआधी का नाही साफ करत?"

दोन वर्षांच्या कामात याहून उपयोगी प्रश्न मला कुणी विचारला नाही. वर्षभर व्हाळाच्या कोरड्या काठावर साठलेलं सगळं पहिल्या दोन-तीन पावसांत समुद्रात जातं. सप्टेंबरात ते किनाऱ्यावर शोधायचं म्हणजे जे गेलं त्यातलं थोडंसं परत आलेलं, मिठाने आणि उन्हाने ठिसूळ झालेलं, हात लावला की तुटणारं. पाच मिलिमीटरपेक्षा लहान तुकडे झाले की ते वाळूतून निवडणं माणसाच्या हाताबाहेरचं. मेमध्ये तेच प्लास्टिक कोरडं असतं, सलग असतं आणि वाळूचं नसतं. भंगारवाला ते घेतोसुद्धा. किनाऱ्यावरचं घ्यायला तो नकार देत असे.

म्हणून २०२४ पासून मुख्य मोहीम मेच्या तिसऱ्या आठवड्यात, व्हाळात. किनाऱ्यावरची द्वितीया चालूच आहे, पण तिचं काम मोजणीचं. वरचं काम चुकलं की नाही हे ती सांगते. त्या सप्टेंबरात तिसरा ढीग पहिल्यांदा पहिल्या ढिगापेक्षा लहान निघाला.

किनाऱ्यावर दोन नियम पक्के झाले. हाताने उचलायचं, दाताळं किंवा ट्रॅक्टर नाही, कारण वाळूच्या टेकड्या धरून ठेवणारी मर्यादवेल त्यात उपटली जाते. आणि वाळलेलं शेवाळ, लाकूड, शिंपले उचलायचे नाहीत, ते कुर्ल्यांचं खाणं-राहणं आहे. नोव्हेंबर ते मार्चमध्ये कासवांच्या घरट्यांपासून दूर राहतो आणि अंधारात बॅटरी घेऊन जात नाही.

गोळा केलेलं कुठे जातं हे लोक नेहमी विचारतात. बाटल्या, जाड प्लास्टिक, पत्रा भंगारात. उरलेलं पंचायतीच्या सुक्या कचऱ्याच्या शेडमध्ये. गोव्यातलं पुनर्वापर न होणारं प्लास्टिक गठ्ठे करून कर्नाटकातल्या सिमेंट कारखान्यांत जाळायला जातं. हा काही आनंदाचा शेवट नव्हे, पण व्हाळापेक्षा बरा. चिप्सची आणि शांपूची थर लावलेली पाकिटं याच वाटेने जातात, त्यांना दुसरी वाटच नाही.

पहिल्या ढिगाचं आम्ही काहीही करू शकलेलो नाही. बार्नेकल धरलेल्या चपला दर सप्टेंबरात येतात तितक्याच येतात.

आणि पुलाखाली अजून डायपर येतात. कोणत्या घरांतून येतात हे वाड्यावर सगळ्यांना माहीत आहे. त्या घरांत तान्ही बाळं आहेत, एका घरात अंथरुणाला खिळलेली आजी आहे. सुका कचरा आठवड्यातून एकदा उचलतात आणि डायपर त्यात घेत नाहीत. कोकणातल्या उकाड्यात ते आठ दिवस घरात ठेवायचे कुठे? त्या सूनबाईला मी पुलावर गाठून उपदेश करणार नाही. डायपरसाठी वेगळी गाडी आठवड्यातून निदान दोनदा दारात यावी, असा अर्ज बचत गटाने लिहिला आहे. खाली आबांचा अंगठा आहे आणि ज्यांच्या बागायतीत आमच्यामुळे पाणी घुसलं त्यांची सही आहे. येत्या रविवारच्या ग्रामसभेत तो मी वाचणार आहे.